दिवाळीत घेतलेली गाडी आणि न पाहिलेला पावसाळा

दसरा, दिवाळी आणि गुढीपाडव्याच्या सुमारास मुंबईतील वर्तमानपत्रांची पहिली पाने मोटारींच्या जाहिरातींनी भरून जातात, आणि त्यांपैकी अनेक जाहिरातींच्या तळाशी बारीक अक्षरांत एखाद्या सर्वेक्षणात मिळालेल्या पहिल्या क्रमांकाचा उल्लेख असतो. वाचणारा त्यातून एवढाच अर्थ घेतो की ही गाडी टिकाऊ आहे. ही सर्वेक्षणे मी बरीच वर्षे लक्ष देऊन वाचत आले आहे, आणि माझे मत असे झाले आहे की ती बहुधा प्रामाणिकपणे केलेली असतात, त्यांतील आकडेही खरे असतात, तरीही गाडी घेणाऱ्याला ज्या दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात, म्हणजे गाडीचा भरवसा आणि तिच्या रचनेचा दर्जा, त्यांपैकी पहिलीबद्दल ती अर्धवट सांगतात आणि दुसरीबद्दल फारच थोडे. दहा-बारा वर्षे एकच गाडी वापरणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला या फरकाची किंमत मोजावी लागते, म्हणून हा विषय सविस्तर मांडावासा वाटतो.

या क्षेत्रातील सर्वांत परिचित नाव जे. डी. पॉवर या अमेरिकी संस्थेचे आहे. जेम्स डेव्हिड पॉवर यांनी ती १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केली, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला माझदाच्या रोटरी इंजिनातील एका सीलचा दोष मालकांना विचारूनच उघडकीस आणल्यामुळे तिचा बोलबाला झाला. कारखान्यातील अभियंत्यांऐवजी गाडी चालवणाऱ्याला विचारा, ही त्यामागची कल्पना त्या काळी खरोखरच मोलाची होती आणि आजही आहे. १९८७ पासून ही संस्था अमेरिकेत प्रारंभिक गुणवत्तेचा अभ्यास करते. नवी गाडी घेतल्यापासून पहिल्या ९० दिवसांत मालकाला कोणकोणत्या अडचणी आल्या ते विचारायचे आणि दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी निघाल्या तो आकडा काढायचा, अशी त्याची पद्धत आहे. आकडा जितका कमी, तितका क्रमांक वर. भारतातही याच धर्तीवर अभ्यास झाले, आणि त्यांत गाडी घेऊन दोन ते सहा महिने झालेल्या मालकांची मते घेतली गेली.

हे दोन ते सहा महिने मुंबईच्या पंचांगावर ठेवून पाहावेत. आपल्याकडे गाड्यांची मोठी खरेदी सणासुदीला होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घरी आलेल्या गाडीच्या मालकाला प्रश्न विचारले जातील ते डिसेंबर ते एप्रिल-मेच्या दरम्यान. पाऊस मुंबईत येतो जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. म्हणजे त्या गाडीने हिंदमाताचे पाणी पाहिलेले नाही, अंधेरीचा किंवा मिलनचा सबवे पाहिलेला नाही, पेव्हर ब्लॉक उखडलेल्या रस्त्यावरून ती गेलेली नाही, आणि चार महिने ओल्या हवेत उभी राहून तिच्या दरवाजांच्या खालच्या कडांचे काय होते हेही कोणाला कळलेले नाही. मुंबईत गाडीची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत पत्रा गंजतो, सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड खड्ड्यांत खडखडायला लागतात, वायरिंगच्या जोडांत पाणी शिरते. यांतील एकही गोष्ट दिवाळीच्या खरेदीदाराच्या उत्तरांत येऊ शकत नाही. मग त्या उत्तरांवरून काढलेला क्रमांक टिकाऊपणाचा दाखला म्हणून कसा वाचायचा? संस्था तसा दावा करत नाही, हे खरे आहे. तिने अभ्यासाचे नावच प्रारंभिक गुणवत्ता असे ठेवले आहे. पण जाहिरातीपर्यंत पोहोचेस्तोवर त्यातला प्रारंभिक हा शब्द अदृश्य झालेला असतो किंवा तो वाचणाऱ्याच्या नजरेत भरत नाही. पुरस्काराचे नाव जाहिरातीत वापरण्यासाठी कंपन्या त्या संस्थेला परवाना शुल्क देतात, हेही ग्राहकाला माहीत असायला हवे. त्याने आकडा खोटा ठरत नाही, परंतु कोणता आकडा ठळक छापला जाईल हे मात्र त्यावरून ठरते.

दुसरा प्रश्न बेरजेचा आहे. या पद्धतीत प्रत्येक तक्रार एक म्हणून मोजली जाते. पूर्व द्रुतगती महामार्गावर भर गर्दीत इंजिन बंद पडले तर ती एक तक्रार, आणि मोबाइल ब्लूटूथला जोडताना दोनदा प्रयत्न करावा लागला तर तीही एकच. हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही. २००३ च्या अमेरिकी यादीत हमर हा ब्रँड अगदी तळाला गेला, आणि त्यामागच्या तक्रारींत इंधन फार लागते ही तक्रार ठळक होती. सुमारे तीन टनांची गाडी विकत घेणाऱ्याने तिच्या पेट्रोलबद्दल तक्रार करावी, हा मालकाचा हक्क आहेच. पण तो गाडीतला बिघाड नाही. ती गाडी तशीच बनवायची होती आणि तशीच बनली होती. यावर टीका झाल्यानंतर २००६ मध्ये प्रश्नावली बदलण्यात आली आणि तक्रारींचे दोन भाग करण्यात आले: एका भागात मोडतोड आणि बिघाड, दुसऱ्या भागात रचनेतील त्रास, म्हणजे वस्तू धड चालते आहे पण वापरायला अवघड आहे असा. हे विभाजन योग्य दिशेचे होते. खेद याचा वाटतो की प्रसिद्ध होणाऱ्या मुख्य यादीत हे दोन्ही भाग पुन्हा एकत्र मिळवले जातात आणि लोकांच्या लक्षात तोच एक आकडा राहतो.

त्या एका आकड्याचा अर्थ अलीकडे आणखी गुंतागुंतीचा झाला आहे. २०२४ च्या अभ्यासात अमेरिकेतील सरासरी दर १०० गाड्यांमागे १९५ तक्रारींची होती. पेट्रोल-डिझेल गाड्यांचा आकडा १८० आणि पूर्णपणे बॅटरीवर चालणाऱ्यांचा २६६. त्या वर्षापासून मालकांच्या उत्तरांच्या जोडीला दुरुस्तीसाठी डीलरकडे झालेल्या फेऱ्यांची नोंदही धरली गेली, ही फार चांगली सुधारणा आहे, कारण त्यामुळे माणसाच्या स्मरणाला कागदाचा आधार मिळतो. तरीसुद्धा १९५ म्हणजे नेमके काय, हे प्रश्न उघडल्याशिवाय कळत नाही. आजच्या गाड्यांतील तक्रारींचा मोठा वाटा पडद्याचा, आवाजी आज्ञांचा, मोबाइल जोडणीचा आणि चालकाला सावध करणाऱ्या यंत्रणांचा आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या साध्या गाडीत ही उपकरणे नव्हती, म्हणून त्यांच्या तक्रारीही नव्हत्या. आकडा वाढला म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स बिघडू लागले असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल, आणि आकडा कमी असलेली गाडी यांत्रिकदृष्ट्या भक्कम आहे असे मानणेही तितकेच चुकीचे.

अमेरिकेतच १९३६ पासून काम करणारी कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था या बाबतीत अधिक विचारपूर्वक वागते असे मला वाटते. ती जाहिराती घेत नाही, चाचणीच्या गाड्या स्वतः विकत घेते, आणि आपल्या सदस्यांना मागील बारा महिन्यांत आलेल्या गंभीर अडचणी विचारते. गंभीर म्हणजे खर्च, सुरक्षितता, बंद पडणे किंवा गाडी दुरुस्तीसाठी अडकून पडणे यांमुळे मालकाला जी महत्त्वाची वाटली ती. शिवाय इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मोठ्या बिघाडांना ती जास्त वजन देते, आणि जुन्या गाड्यांचीही माहिती गोळा करते. अर्थात तिचे उत्तरदाते तिचेच सदस्य असतात, म्हणजे मुळात चिकित्सक ग्राहक. सर्व मालकांचे ते प्रतिनिधित्व करतात असे म्हणता येत नाही.

रचना आणि भरवसा यांची सरमिसळ मुंबईत कशी दिसते याचे एक उदाहरण डिझेल गाड्यांचे आहे. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारे बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारा फिल्टर आला. त्यात साठलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी धुराचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढावे लागते. गाडी बऱ्यापैकी वेगाने सलग पंधरा-वीस मिनिटे धावली की हे काम आपोआप होते. पण घाटकोपरहून साकीनाक्यापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटणाऱ्या गाडीला ती संधीच मिळत नाही. आमच्या इमारतीतील एका काकांच्या गाडीत हा इशाऱ्याचा दिवा वारंवार लागतो; सर्व्हिस सेंटरने त्यांना गाडी हायवेवर फिरवून आणा असे सांगितले, आणि आता ते त्यासाठी मुद्दाम रविवारी सकाळी द्रुतगती मार्ग गाठतात. हीच गाडी रोज पुणे ते कोल्हापूर धावणाऱ्या माणसाला हा दिवा बहुधा कधी दिसणारही नाही.

ही तक्रार कुठल्या रकान्यात टाकायची? काही मोडलेले नाही, म्हणून तो बिघाड नव्हे. वापरायला अवघड असे एखादे बटणही नाही. गाडीची रचना आणि तिला मिळालेला रस्ता यांचा मेळ बसत नाही, एवढेच. सर्वेक्षणात मुंबईचे मालक जास्त आले तर हे मॉडेल खाली जाईल, महामार्गावरचे जास्त आले तर वर चढेल, आणि दोन्ही वेळा छापून येणारा आकडा संपूर्ण देशाचा म्हणून वाचला जाईल. कोरड्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सची, म्हणजे तेलात न बुडवलेल्या दोन क्लचच्या साहाय्याने आपोआप गिअर बदलणाऱ्या यंत्राची, कथाही अशीच आहे. फोक्सवॅगनच्या सात गतींच्या अशा गिअरबॉक्समुळे मार्च २०१३ मध्ये चीनमध्ये ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मोकळ्या रस्त्यावर ज्याच्या सफाईची सर्वत्र वाखाणणी झाली, तेच यंत्र शहरातील थांब-चालू गर्दीच्या उष्णतेत त्रास देऊ शकते. म्हणून मला वाटते की गाडी कुठे आणि किती धावली हे विचारल्याशिवाय भरवशाचा कोणताही आकडा काढू नये.

चांगल्या रचनेवर तर या पद्धतीत सरळ अन्यायच होतो. चांगली रचना बहुतेक वेळा जाणवतच नाही. वॅगन आर १९९९ च्या अखेरीस भारतात आली तेव्हा तिच्या उंच, खोक्यासारख्या आकाराला अनेकांनी नावे ठेवली. पण गुडघे दुखणाऱ्या आजीला त्या गाडीत वाकून शिरावे लागत नाही, सरळ बसता येते. हे सुख तक्रारींच्या यादीत कुठे नोंदवणार? ज्या गोष्टीची तक्रार नाही तिचे गुण शून्य. आवडीनिवडी मोजणारा एक वेगळा अभ्यास जे. डी. पॉवर करते हे मान्य, परंतु तोही नव्याची नवलाई असतानाच केलेला असतो. शोरूमच्या थंड हवेत एसीचे सारे नियंत्रण पडद्यावर असणे आकर्षक वाटते. घामाघूम होऊन गर्दीत गाडी चालवताना नजर रस्त्यावरून काढून तोच पडदा चाचपडणे धोक्याचे ठरते. युरो एनसीएपी या सुरक्षा चाचणी संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, भोंगा यांसारख्या कामांसाठी स्वतंत्र बटणे किंवा दांडे नसतील तर पूर्ण गुण न देण्याचे ठरवले. ग्राहकांच्या पसंतीवर सोडले असते तर हा निर्णय झाला असता असे मला वाटत नाही.

मुंबईच्या दृष्टीने रचनेचे जे प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, ते विचारलेच जात नाहीत. इंजिनात हवा ओढणाऱ्या नळीचे तोंड जमिनीपासून किती उंच आहे? गुडघाभर पाण्यात ते खाली असेल तर पाणी सिलिंडरमध्ये जाते, पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि त्यानंतर पुन्हा स्टार्टर मारला की इंजिनच उघडावे लागते. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरले जात नाही. इंजिनासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून निदान या शहरात तरी हा प्रश्न प्रत्येक खरेदीदाराने विचारायला हवा होता. पाण्यात किती खोलीपर्यंत गाडी नेता येते हा आकडा आजही प्रामुख्याने काही एसयूव्हींच्याच माहितीपत्रकात आढळतो. हेडलाइटचा बल्ब बदलायला बंपर उतरवावा लागतो का, एसीचा फिल्टर घरी काढता येतो का, वायरिंगवरचे आवरण उंदरांना कितपत दाद देते, हे प्रश्नही तसेच राहतात.

क्रमांकांबद्दल थोडक्यात सांगते. समजा एका मॉडेलच्या १०० मालकांनी मिळून १०५ तक्रारी सांगितल्या आणि दुसऱ्याच्या १०० मालकांनी ११०. संख्याशास्त्राचा साधा नियम लावला तरी असा आकडा निव्वळ योगायोगाने दहा-वीसने खाली-वर होऊ शकतो. त्यामुळे पहिला आणि चौथा क्रमांक यांत पुष्कळदा काही अर्थपूर्ण अंतर नसते.

कोणत्या गोष्टीसाठी पहिला क्रमांक मिळाला हेही पाहावे लागते. विक्रीच्या वेळचे समाधान, सर्व्हिसचे समाधान, प्रारंभिक गुणवत्ता, तीन वर्षांनंतरचा टिकाऊपणा, हे सारे वेगवेगळे अभ्यास आहेत. मारुती सुझुकी भारतात डीलरच्या सेवेबाबतच्या समाधानात २०१४ पर्यंत सलग पंधरा वर्षे पहिली होती. ही मोठी कामगिरी आहे, पण ती सर्व्हिस सेंटरची आहे, गाडीच्या धातूची नव्हे. मतांच्या बाबतीत आपल्याकडे एक वाईट सवयही रुजली आहे. गाडी ताब्यात देताना सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर हात जोडून सांगतो, "मॅडम, कंपनीतून फोन येईल, दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा पगार कापतात." त्याच्या पोटावर पाय नको म्हणून आपण दहा देतो. हा फोन कंपनीचा असतो, स्वतंत्र सर्वेक्षणाचा नव्हे. पण प्रश्नांना खरे उत्तर देण्याची सवय मोडायला तो पुरेसा आहे.

नावाचा प्रभाव उत्तरांवर पडतो याचा सर्वांत चांगला पुरावा जुळ्या गाड्यांत सापडतो. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्स आणि टोयोटा यांच्या एकत्रित कारखान्यात टोयोटा कोरोला आणि जिओ प्रिझम या जवळपास एकसारख्या गाड्या बनत, तरीही कोरोलाला बाजारात अधिक भाव मिळे. आपल्याकडे २०१९ मध्ये मारुती सुझुकीच्या बलेनोचीच टोयोटा ग्लान्झा झाली. दोन्ही गाड्या गुजरातमधील हंसलपूरच्या एकाच कारखान्यातून येतात. फरक होता तो प्रामुख्याने बोधचिन्हाचा, डीलरचा आणि वॉरंटीचा. अशा जोड्यांची उत्तरे शेजारी ठेवून दोन्ही मालकवर्गांचे आकडे मुद्दाम प्रसिद्ध केले, तर त्यांतील तफावत किती गाडीची आणि किती अपेक्षांची, हे कोणालाही दिसेल. सर्वेक्षण करणाऱ्यांनी हे स्वतःहून करावे असे मला मनापासून वाटते.

मते बाजूला ठेवून मोजमाप करण्याचे मार्ग आहेत, आणि जर्मनीत ते दीर्घकाळ वापरात आहेत. तिथे खासगी गाडीचीही पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते, आणि त्या लाखो तपासण्यांवरून टीयूव्ही ही तपासणी संस्था दरवर्षी मॉडेलनिहाय दोषांचे प्रमाण जाहीर करते. एडीएसी हा वाहनचालकांचा संघ रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांच्या नोंदींवरून वेगळी यादी काढतो. हेही आकडे डोळस नजरेनेच वाचावे लागतात. टीयूव्हीच्या २०२४ च्या अहवालात दोन-तीन वर्षे वयाच्या गाड्यांत टेस्ला मॉडेल ३ सर्वांत खाली होती, १४.७ टक्के गाड्यांत गंभीर दोष आढळले, ते विशेषतः ब्रेक, दिवे आणि सस्पेन्शनचे. विजेच्या गाडीत वेग कमी करण्याचे काम बरेचसे मोटरच करते, त्यामुळे ब्रेकच्या चकत्या कमी वापरल्या जातात आणि गंजतात. शिवाय या गाडीला दरवर्षीच्या सर्व्हिसची सक्ती नाही, त्यामुळे तपासणीपूर्वी दोष कोणी पाहिलेले नसतात. म्हणजे इथेही देखभालीची पद्धत आकड्यात मिसळतेच. पण निदान तो ब्रेक प्रत्यक्ष तपासलेला असतो. कोणाच्या मनात काय आले यावर तो अवलंबून नसतो.

मुंबईत असे ज्ञान विखुरलेले आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील सुट्या भागांच्या दुकानदाराला कोणत्या गाडीचा कोणता भाग सर्वाधिक खपतो हे तोंडपाठ असते, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चालक खासगी मालकापेक्षा कितीतरी जास्त किलोमीटर गाडी हाकतो. प्रीमियर पद्मिनीला आजच्या प्रश्नावलीत अत्यंत वाईट गुण मिळाले असते. तरीही ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करूनच रस्त्यावरून हटली, कारण ती कोणत्याही गॅरेजात, साध्या पान्यांनी दुरुस्त होत असे. दुरुस्त होण्याची सोय हा भरवशाचाच भाग आहे, असे मी ठामपणे मानते.

१ एप्रिल २०२१ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ नुसार, सुरक्षिततेशी संबंधित दोषाच्या तक्रारी ठरावीक प्रमाणापलीकडे गेल्यास सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. हे पाऊल मोठे आहे, परंतु ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांपुरते आणि गंभीर दोषांपुरते आहे. रोजच्या टिकाऊपणाची माहिती आणखी जवळ आहे. टॅक्सीसारख्या व्यावसायिक वाहनांची फिटनेस तपासणी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी होते. मालकाचे नाव आणि गाडीचा क्रमांक वगळून, मॉडेल, वय, धावलेले किलोमीटर आणि नापास होण्याचे कारण एवढे चार रकाने परिवहन विभागाने दरवर्षी जाहीर करावेत. सुरुवात ताडदेव, वडाळा, अंधेरी आणि बोरिवली या मुंबईतील चार आरटीओंच्या टॅक्सींपासून केली तरी चालेल. टॅक्सींत जी मॉडेले चालतात त्यांपैकी बरीच खासगी ग्राहकही घेतात, आणि पाच-सहा पावसाळे काढलेल्या गाडीचा ब्रेक, स्टिअरिंग आणि तळाचा पत्रा कोणत्या अवस्थेत आहे हे त्या यादीवरून त्यांनाही कळेल.